अण्णा, खाणीचं छत बाई बघून पडत नाही

परवा रात्री साडेदहाला भाचीचा मेसेज, "मामा हे खरंय का?" आणि खाली ती पोस्ट. तुम्हालाही आली असेल, महिनाभर फिरतेय, वर सोनेरी अक्षरात 'इंग्रजांनी लपवलेलं सत्य', खाली सात मुद्दे, शेवटी हात जोडलेले आठ-दहा इमोजी आणि 'वीस जणांना पाठवा'. माझ्याकडे ती आधी तीन ग्रुपवर येऊन गेली होती, मी सोडून दिलं, माणूस कुठे कुठे भांडत बसणार. पण ह्या वेळी ती घरच्या ग्रुपवर आली. टाकली अण्णांनी, म्हणजे भाचीच्या मोठ्या काकांनी, आणि टाकली कधी, तर पोरीला नागपुरात मायनिंग इंजिनिअरिंगची सीट लागल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी. आजीला कुणीतरी मोठ्याने वाचून दाखवली. आजी दुपारी जेवली नाही. संध्याकाळी ताईचा फोन, की तूच काय ते लिही बाबा, तुझं आयुष्य गेलंय त्यात, माझं इथे कुणी ऐकत नाही.

तर लिहितो. सत्तावीस वर्षं कोळशाच्या अंडरग्राउंड खाणीत काढलीत, आता रिटायर आहे, वेळ भरपूर आहे आणि डोकं तापलेलं आहे.

ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी पोस्टचं सार. खाणकाम आणि धातुशास्त्र ही आपली विद्या, इंग्रजांनी ग्रंथ पळवले, त्यावर 'इंजिनिअरिंग'चं लेबल लावलं आणि डिग्री करून आपल्यालाच विकली. दिल्लीच्या लोहस्तंभाला गंज का लागत नाही ह्याचं उत्तर आजही जगात कुणाकडे नाही. जस्त आणि वुट्झ नावाचं आपलं जुनं पोलाद आपल्याकडून चोरलं. टाटांनी एकही गोरा इंजिनिअर न घेता पोलादाचा कारखाना काढला. मायनिंग इंजिनिअर म्हणजे सुरुंग लावणारा मुकादम, खरा जाणकार वासावरूनच सगळं ओळखतो. ह्या फिल्डला आता स्कोप नाही. आणि सातवा, ज्यासाठी बाकीचे सहा रचलेत असं मला वाटतं: 'आपल्या पूर्वजांनी स्त्रीला कधीही खाणीत उतरू दिलं नाही, कारण स्त्री आत गेली की भूमाता कोपते आणि छत कोसळतं, हे आता सायन्सनेही मान्य केले आहे.'

सातवाच आधी घेतो. आजी त्याच्यामुळे जेवली नाही.

'पूर्वजांनी कधीही उतरू दिलं नाही' म्हणजे कुणाच्या पूर्वजांनी? झारखंड-बंगालकडच्या झरिया आणि राणीगंजच्या कोळसा खाणींत शंभर वर्षांपूर्वी बायका आत जात होत्या, एकदोन नाही, हजारोंनी. नवरा-बायको जोडीने कामाला लागायचे. नवरा कोळसा तोडायचा, त्याला मालकट्टा म्हणत, आणि बायको तो टोपलीत भरून डोक्यावरून टबापर्यंत, म्हणजे कोळशाच्या छोट्या गाडीपर्यंत, नेऊन ओतायची, तिला कामिन म्हणत. १९२० च्या दशकात आपल्या कोळसा खाणींतल्या कामगारांमध्ये बायकांचा वाटा तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास होता. संथाळ, बाउरी, अशा घरांतल्या बायका. ह्या आपल्या पूर्वज नाहीत का, की पूर्वज म्हणजे फक्त फोटोफ्रेममधले?

मग बंदी आली कुठून? इथे मला खरंच हसू आलं, कारण जी पोस्ट इंग्रजांच्या नावाने शंख करते तिचा सातवा मुद्दा शंभर टक्के इंग्रजी माल आहे. इंग्लंडमध्ये १८४२ साली कायदा झाला की बायका, मुली आणि दहा वर्षांखालचे मुलगे जमिनीखाली कामाला लावायचे नाहीत. त्याआधी तिथल्या बायका कमरेला पट्टा बांधून, साखळीने कोळशाच्या गाड्या ओढत गुडघ्यांवर रांगत जायच्या. त्याची चौकशी झाली, रिपोर्टात चित्रं छापली आणि तिथल्या सभ्य समाजाला धक्का बसला, पण धक्का कशाचा जास्त बसला तर बायका अर्ध्या कपड्यात पुरुषांसोबत काम करतात ह्याचा. तेच विचार पुढे इकडे आले. १९२९ च्या नियमांनी बायकांना टप्प्याटप्प्याने बाहेर काढायचं ठरलं, १९३५ ला आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा ठराव आला आणि १९३७ मध्ये आपल्याकडे जमिनीखालचं काम बायकांना पूर्ण बंद झालं. आणि गंमत बघा, महायुद्धात कोळसा कमी पडायला लागला तसं १९४३ ला त्याच सरकारने बंदी उठवली, बायका परत आत, आणि युद्ध संपल्यावर १९४६ ला परत बाहेर. भूमाता ह्या तीन वर्षांत रजेवर होती काय?

स्वातंत्र्यानंतर १९५२ च्या माइन्स ॲक्टमध्ये कलम ४६ आलं, त्यात बंदी तशीच राहिली. म्हणजे अण्णांच्या पोस्टमध्ये एक अर्धं खरं आहे ते मी कबूल करतो, नाइलाजाने करतो: मी नोकरीत होतो तेव्हा माझ्या खाणीत आत बाई नव्हती, कायद्यानेच नव्हती. पण कलम ४६ मध्ये भूमाता नाही, कोप नाही, छताचा उल्लेख नाही. आणि जानेवारी २०१९ मध्ये केंद्र सरकारने त्यातून सूट दिली, टेक्निकल, सुपरवायझरी आणि मॅनेजमेंटच्या कामाला बायकांना सकाळी सहा ते संध्याकाळी सात आत जायची परवानगी मिळाली, त्यांची लेखी संमती पाहिजे, आणि एकटीदुकटी नाही, कमीत कमी तिघींचा गट पाहिजे, असं ठरलं. अटी होत्या, त्यातल्या काही मला जाचक वाटल्या, पण दार उघडलं. पोरीला ज्या सीटसाठी रडवलंत ती सीट कायदेशीर आहे.

आता छत. छत का पडतं हे मी सांगतो, कारण मी ते पडताना पाहिलंय.

नवीन लागलो तेव्हा मला पहिले दोन महिने एका म्हाताऱ्या सिरदाराबरोबर, म्हणजे आतली जागा सुरक्षित आहे का ते तपासणाऱ्या माणसाबरोबर, फिरायला लावलं होतं. तो छताला 'चाल' म्हणायचा. पाळी, म्हणजे कामाची शिफ्ट, सुरू व्हायच्या आधी तो प्रत्येक जागी काठीने चाल ठोकायचा. एका हाताने काठी वर मारायची आणि दुसऱ्या हाताची दोन बोटं छताला टेकवून ठेवायची, म्हणजे कानाला जे कळत नाही ते बोटांना कळतं. ठण्ण असा भरीव आवाज आला तर पुढे व्हायचं. भद्द असा पोकळ आला, किंवा बोटांखाली थरथर लागली, तर जिथे आहे तिथे थांबायचं, आधी सैल दगड पहारीने पाडायचा नाहीतर खाली खुंटा, म्हणजे लाकडाचा टेकू, द्यायचा, मग बाकीच्यांना आत बोलवायचं. एकदा माझ्यादेखत त्याने दोनदा ठोकलं, मान हलवली आणि आम्हाला मागे ढकललं. वीसेक मिनिटांनी तिथे पलंगाएवढी शिळा खाली आली, आधी बारीक खडी भुरभुरली आणि मग एकदम. धूळ बसल्यावर त्याने विडी मागायची खूण केली (आत विडी-काडी न्यायला बंदी, ही त्याची सवयीची चेष्टा होती) आणि वहीत नोंद करायला गेला.

ते छत पडलं कारण दोन थरांच्या मधला सांधा सुटला होता, वरून पाणी झिरपत होतं आणि आधार द्यायला एक पाळी उशीर झाला होता. गॅलरी, म्हणजे आतला बोगदा, जास्त रुंद काढली, मधे सोडलेले कोळशाचे खांब बारीक ठेवले, छताला बोल्ट वेळेवर मारले नाहीत, दगडात आडवी फट होती, ही कारणं असतात. हेल्मेटखाली कोण आहे हे दगडाला कळत नाही.

आणि ज्याने कुणी ही ओळ लिहिली त्याला धनबादजवळचं चासनाला माहीत नाही. २७ डिसेंबर १९७५. जुन्या खाणीत साठलेलं पाणी मधला कोळशाचा बांध फोडून चालू खाणीत घुसलं. ३७५ माणसं गेली. त्या दिवशी आत बाई असणं कायद्यानेच शक्य नव्हतं. मग कोप कुणावर झाला? आम्ही कॉलेजात चासनाला शिकलो ते नकाशे, पाण्याचा दाब आणि बांधाची जाडी म्हणून शिकलो, आणि नोकरीत जुन्या कामांच्या जवळ जाताना पुढे लांब भोकं पाडून पाणी आहे का बघायचो ते ह्याच भीतीने.

अजून एक. कोळसा पट्ट्यात बऱ्याच खाणींच्या तोंडाशी देवीचं देऊळ असतं, बहुतेक ठिकाणी कालीचं, पाळीला जाताना लोक हात जोडून जातात, मी पण जोडायचो. आमच्या चंद्रपुरात तर महाकालीच्या नावाचीच कोळसा खाण आहे. दारात बसलेली देवी चालते आणि आत जाणारी पोरगी चालत नाही, हे कुठल्या शास्त्रात बसतं ते अण्णांनी मला एकदा समजावून सांगावं, चहा माझ्याकडून.

आता वासाचा मुद्दा. इथे परत थोडं कबूल करावं लागतं. कोळसा हवेतला ऑक्सिजन खाऊन आपोआप तापतो, वर्धा खोऱ्यातला तर चांगलाच तापतो, आणि जुन्या सोडलेल्या भागात अशी आग धुमसायला लागली की सगळ्यात आधी अनुभवी माणसाच्या नाकाला कळतं. रॉकेलसारखा, घामट असा एक वास येतो, भिंतींना दव सुटल्यासारखं पाणी दिसतं. मला स्वतःला पंधरा वर्षांनी तो ओळखायला यायला लागला. म्हणजे नाक खोटं नाही. पण त्या आगीतून जो माणूस मारणारा वायू निघतो, कार्बन मोनॉक्साइड, त्याला वासच नाही. आणि कोळशातून झिरपणारा मिथेन, ज्याचं हवेतलं प्रमाण साधारण ५ ते १५ टक्के झालं की एका ठिणगीत अख्खी खाण जाते, त्यालाही वास नाही. नाकावर भरवसा ठेवणाऱ्यांची नाकं नंतर काही सांगायला उरली नाहीत. म्हणून १८१५ ला हम्फ्री डेव्ही ह्या इंग्लिश शास्त्रज्ञाने जाळीचा दिवा काढला, तसल्या दिव्यांची ज्योत बारीक केली की तिच्यावर निळसर टोपी दिसते, टोपीच्या उंचीवरून मिथेन किती ते सांगता येतं, मी परीक्षेत ती टोपी बघून टक्का सांगितलाय आणि हात थरथरत होते. सव्वा टक्का झाला की वीज बंद. आता डिजिटल मीटर आलेत, पण हिशोब तोच.

'सुरुंग लावणारा मुकादम' म्हणणाऱ्याला हे पण कळू दे की सुरुंग लावायला वेगळा माणूस असतो, त्याची वेगळी परीक्षा असते. सिरदाराची वेगळी, त्याच्या वरच्या ओव्हरमनची वेगळी, सर्व्हेअरची वेगळी, मॅनेजरची सेकंड क्लास आणि फर्स्ट क्लास वेगळी. डिग्री हातात घेऊन थेट खाण चालवता येत नाही, आत काही वर्षं काढावी लागतात, मग धनबादच्या खाण सुरक्षा महासंचालनालयाची परीक्षा, तोंडी पण. मी फर्स्ट क्लासला एकदा आपटलोय. हे सगळं कुणी हौसेने केलेलं नाही. १८९७ ला कोलारच्या सोन्याच्या खाणीत ५२ माणसं मेली, दोन वर्षांनी बलुचिस्तानात खोस्तच्या कोळसा खाणीत ४७, आणि मग १९०१ चा पहिला माइन्स ॲक्ट आला, १९०२ ला खाणी तपासणारं खातं. तेव्हापासून खाणीला जबाबदार मॅनेजर लागायला लागला, ज्याचं नाव कागदावर असतं आणि माणूस मेला की ज्याला आधी उभं करतात. रोज रात्री मी ज्या वहीवर सही करायचो ना, सिरदाराची सही, ओव्हरमनची सही आणि खाली माझी, ती सही म्हणजे हा धंदा आहे. आत जाऊन दगड फोडायची कला पाच हजार वर्षं जुनी असेल, असू दे, अभिमान आहे. पण सही नवीन आहे.

आणि ती सही इंग्रजांनी शोधलेली नाही, हा पहिल्या मुद्द्यातला सगळ्यात मोठा घोळ. खाणकामाचं शिक्षण कॉलेजात आणलं ते मध्य युरोपातल्या लोकांनी. जर्मनीतल्या सॅक्सनीत फ्रायबर्गला १७६५ मध्ये खाण अकादमी निघाली, सात वर्षांच्या युद्धात तिजोरी रिकामी झाली होती आणि चांदी नीट काढता यावी म्हणून. आजच्या स्लोव्हाकियातल्या श्चियाव्हनित्साला त्याच शतकात तसंच शिक्षण सुरू झालं, पॅरिसला १७८३. लंडनला? १८५१. म्हणजे फ्रायबर्गनंतर ८६ वर्षांनी. एवढे मोठे चोर असते तर इतका वेळ लावला असता का?

त्याच्याही मागे जायचं तर एकच पुस्तक आहे ज्याच्यावर हा सगळा व्यवसाय उभा आहे, आणि ते मी अण्णांना प्रिंट काढून द्यायला तयार आहे, इंग्रजी भाषांतर फुकट मिळतं नेटवर. अॅग्रिकोलाचं 'दे रे मेटालिका', १५५६. अॅग्रिकोला मूळचा डॉक्टर, योआखिमस्थालच्या खाणगावात प्रॅक्टिस करायचा, खाणकामगारांचे फुफ्फुसाचे आजार बघता बघता खाणीच बघायला लागला. पहिल्याच भागात तो सांगतो की खाणवाल्याला काय काय यायला पाहिजे: तत्त्वज्ञान, वैद्यक, खगोल, मोजणी, गणित, बांधकाम, चित्रकला आणि कायदा. मुकादम म्हणे! दुसऱ्या भागात तो त्या काळातल्या वास घेणाऱ्यांचा, म्हणजे फांदी हातात धरून खनिज शोधणाऱ्यांचा समाचार घेतो, की शहाण्या खाणवाल्याने मंतरलेल्या काठीच्या नादी लागू नये, जमिनीवरच्या खऱ्या खुणा बघाव्यात. आता प्रामाणिकपणे सांगतो, त्याच्या पुस्तकात खाणीतली भुतं पण आहेत, सोळावं शतक होतं, तो मानायचा. पण छत पडू नये म्हणून त्याने लाकडाचे आधार कसे द्यायचे ते लिहिलंय, आणि हवा आत कशी खेळवायची त्याची यंत्रं चित्रांसकट दिलीत. भुताला मानणारा माणूससुद्धा छताला खुंटाच द्यायचा.

हे पुस्तक लॅटिनमधून इंग्रजीत आणलं कुणी? १९१२ साली हर्बर्ट हूवर आणि लू हेन्री हूवर ह्या नवरा-बायकोने. नवरा मायनिंग इंजिनिअर, पुढे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झाला. बायको स्टॅनफर्डची भूगर्भशास्त्राची पदवीधर, १८९८, त्या विभागात ती एकटीच मुलगी होती. लॅटिन पक्कं होतं ते तिचं. आणि लॅटिन येऊनही भागत नव्हतं, कारण अॅग्रिकोलाने खाणीतल्या गोष्टींसाठी लॅटिनमध्ये शब्दच नाहीत म्हणून स्वतःचे शब्द पाडले होते, डिक्शनरीत काहीच सापडेना, मग अर्थ लावायला धातुशास्त्र माहीत असणारं डोकं लागलं. आज जगभरातले मायनिंगवाले ज्या पुस्तकाला बायबल मानतात ते आमच्यापर्यंत आलं ते ह्या बाईच्या टेबलावरून. भाचीला मी हेच आधी पाठवलं, बाकी सगळं नंतर.

इंग्रजांनी आपल्याला डिग्री 'विकली' हे तर फारच. खरं उलट आहे, ते द्यायला तयार नव्हते. खाणींच्या मॅनेजरच्या खुर्चीत गोरा माणूस पाहिजे ही त्यांची सोय होती. बनारस हिंदू विद्यापीठात मायनिंग-मेटलर्जीचं शिक्षण १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला सुरू झालं, ते कुणाच्या पैशाने आणि कुणाच्या जिद्दीने ते अण्णांना माहीत आहे, मालवीयांचं चरित्र त्यांच्या कपाटात आहे. धनबादचं इंडियन स्कूल ऑफ माइन्स १९२६ च्या डिसेंबरात उघडलं, तेही काँग्रेसपासून सगळ्यांनी वर्षानुवर्षं मागणी केल्यावर. ह्यात राग यायचाच असेल तर ह्याचा येऊ द्या की, खरा आहे, पुरावे आहेत.

टाटांचा मुद्दा. हा आमच्या घरचा विषय, कारण ती गोष्ट सुरू होते आमच्या चांद्यातून, म्हणजे आजच्या चंद्रपुरातून. जमशेटजींची एम्प्रेस मिल नागपुरात, १८७७ पासून. १८८२ मध्ये फॉन श्वार्त्स नावाच्या जर्मन तज्ज्ञाचा रिपोर्ट त्यांच्या वाचनात आला की चांदा जिल्ह्यात लोहाऱ्याला उत्तम लोहखनिज आहे. तिथून ते वेड. मग वीसेक वर्षं सरकारी अटींत गेली, आणि १९०२ ला ते स्वतः अमेरिकेत गेले इंजिनिअर शोधायला. चार्ल्स पेज पेरिन मिळाला, त्याने सी. एम. वेल्डला इकडे पाठवलं. वेल्ड आणि जमशेटजींचा मुलगा दोराबजी चांद्याच्या जंगलात फिरले. खनिज चांगलं पण पुरेसं नाही, आणि वरोऱ्याचा कोळसा लोखंडाच्या भट्टीला लागणाऱ्या कोकसाठी चालत नाही. संपलं. पोलादाचं शहर चांद्यात व्हायचं होतं ते ह्या दोन ओळींत गेलं, आमच्या आजोबांच्या पिढीतले लोक ह्यावर उसासे टाकायचे. मग दोराबजी निराश होऊन नागपुरात सेक्रेटरिएटला गेले, साहेब जागेवर नव्हते, वेळ घालवायला समोरच्या म्युझियममध्ये शिरले, आपला अजब बंगला, आणि तिथे भिंतीवर भूगर्भाचा नकाशा दिसला, दुर्गकडे लोखंडाचे डाग दाखवणारा. अशी गोष्ट सांगतात.

तो भाग शोधून नोंदवणारा माणूस प्रमथनाथ बोस. लंडनच्या रॉयल स्कूल ऑफ माइन्सला शिकलेला, भूगर्भ सर्वेक्षणात १८८० पासून, आणि १९०३ ला त्याला डावलून त्याच्या मागच्या गोऱ्या माणसाला वर बसवलं म्हणून राजीनामा देऊन ओडिशातल्या मयूरभंज संस्थानात गेला. तिथे गोरुमहिसानीचं लोहखनिज सापडलं आणि २४ फेब्रुवारी १९०४ ला त्याने टाटांना पत्र लिहिलं. जमशेटजी त्याच मे महिन्यात गेले. कंपनी १९०७, पहिलं पोलाद १६ फेब्रुवारी १९१२. त्यात अमेरिकन होते, जर्मन होते, संथाळ मजूर होते, बोस होते. पहिला भारतीय जनरल मॅनेजर, जहांगीर घांडी, १९३८ ला झाला, आणि तो शिकून आला होता अमेरिकेत. 'एकही गोरा नाही' असं लिहिणाऱ्याने बोसांचंच नाव गाळलंय, ह्याचं मला सगळ्यात वाईट वाटलं. अभिमान करायला खरा माणूस समोर उभा असताना खोटा बाहुला कशाला?

बाकीचं भरभर. लोहस्तंभ: उत्तर आहे, वीस-पंचवीस वर्षांपासून छापलेलं आहे, आणि दिलं ते आपल्याच माणसाने, आयआयटी कानपूरच्या आर. बालसुब्रमण्यम यांनी. त्या लोखंडात फॉस्फरस जास्त आहे, पाव टक्क्याच्या आसपास, आजच्या पोलादापेक्षा कितीतरी जास्त, त्यामुळे पृष्ठभागावर एक पातळ घट्ट थर धरतो आणि पुढचा गंज अडतो, दिल्लीची कोरडी हवा मदत करते. जमिनीत गाडलेल्या भागाला मात्र गंज लागलेला आहे. भारतीय शास्त्रज्ञाने सोडवलेलं कोडं 'कुणालाच सुटलं नाही' म्हणून फिरवायचं, ह्यात देशप्रेम कुठलं?

जस्त: हे खरं आहे, आणि पोस्टमध्ये लिहिलंय त्यापेक्षा भारी आहे. उदयपूरजवळ जावरला आपल्या लोकांनी जस्ताची वाफ करून ती परत थंड करून पकडली, युरोपच्या शेकडो वर्षं आधी. जस्त ९०७ अंशाला वाफ होतं आणि हवेत आलं की जळून राख, म्हणून वांग्याच्या आकाराची मातीची भांडी उलटी लावून वाफ खाली नळीतून थंड भागात उतरवायची, एका भट्टीत ३६ भांडी. त्या फुटक्या भांड्यांच्या भिंतीच्या भिंती आजही आहेत तिथे. ब्रिस्टलच्या विल्यम चॅम्पियन नावाच्या माणसाने १७३८ ला पेटंट घेतलं, त्याची रीतही वाफ खाली उतरवायचीच. साम्य आहे. चोरीचा कागद मात्र अजून कुणी दाखवलेला नाही.

वुट्झ: मुंबईच्या डॉ. हेलेनस स्कॉटने १७९० च्या दशकात नमुने लंडनला पाठवले, उघडपणे, रॉयल सोसायटीला. मायकेल फॅरडे ह्या इंग्लिश शास्त्रज्ञाने १८१९ पासून तीनेक वर्षं ते पोलाद बनवायचा प्रयत्न केला आणि निष्कर्ष काढला की त्यात ॲल्युमिनाची जादू आहे. चूक. खरी किमया होती दीड टक्क्याच्या आसपासच्या कार्बनची आणि सावकाश थंड करण्याची. म्हणजे चोरायला गेले असं धरलं तरी चोरता आलं नाही. आपल्या भट्ट्या विझल्या त्या स्वस्त विलायती लोखंडाने आणि कोळशासाठी लागणाऱ्या जंगलावर सरकारने कुंपण घातल्याने, तो अन्याय खराच. आणि विझल्या तेव्हा ती रीत कुठे लिहिलेलीच नव्हती, बापाकडून पोराला मिळायची, पोरगा रेल्वेत खलाशी झाला की गेली.

स्कोप. काय बोलू. मोबाइल, सोलर पॅनल, बॅटरीची गाडी, सगळं जमिनीतून निघतं. नोकऱ्या कमी-जास्त होतात, माझ्या बॅचलाही वर्षभर बसावं लागलं होतं. पण हा सल्ला अण्णांनी दिला असता तर मी ऐकून घेतलं असतं, तो चर्चेचा विषय आहे. भूमातेचा कोप हा चर्चेचा विषय नाही.

काल भाचीचा परत मेसेज आला. पोस्टबद्दल नाही. विचारत होती की सेफ्टी बूट चार नंबरचे मिळतात का, कारण तिने नेटवर बघितलं तर सगळे सहाच्या पुढे. मिळतात, आधी सांगून ठेवावे लागतात. शुक्रवारी रिपोर्टिंग आहे, मी गाडी घेऊन जातोय, ताई आणि ती मागे बसतील. अण्णा, पुढची सीट रिकामी आहे. सकाळी सहाला निघतोय, उशीर करू नका.